लेकुरवाळी मरळ

ज्योत्सना मारबते माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा भरली ती आसगावच्या मंडईत. तशी ती त्याआधीही रोज दिसत असणार, शाळेच्या वाटेवर, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. पण गर्दीतले एखादे मूल अचानक वेगळे होऊन आपल्यासमोर उभे राहते, तसे त्या संध्याकाळी झाले.

दिवाळी संपली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जिलेबीची दुकाने, पाळणे, फुगे, आणि एका बाजूला दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा, ढोल. त्या वर्षी पाळण्याशेजारी कोणीतरी ताडपत्रीच्या सावलीत व्हिडिओ गेमची पेटी आणून ठेवली होती. लाकडी खोक्यात टीव्ही, खाली एक दांडा आणि घासून गुळगुळीत झालेली बटणे. सूर्य पाळीच्या मागे उतरला होता, उडालेली धूळ अजून उजेडात तरंगत होती, आणि त्या धुळीत पोरांचे एक कोंडाळे पेटीला चिकटून आरडाओरडा करत होते.

मधे उभी होती एक बारकी मुलगी. दांड्यावर हात होता, पण ती काहीच करत नव्हती. पडद्यावर तिचा माणूस नुसता उभा होता आणि समोरचा पहिलवान त्याला बदडून काढत होता.

"अवं मार ना! बटन दाब, बटन!"

"ढिवराची पोट्टी आहे बे, गळ टाकून बसली! मासा लागन मंग उठन!"

सगळे हसले. तिचा माणूस आडवा झाला. मी तिला विचारले, "काय गं, खेळत का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. "पाहून राहिली जी," ती म्हणाली. "हा मारायच्या आधी खांदा हालवते."

पुढच्या खेपेला पहिलवानाचा खांदा हलला की ती बाजूला सरकत गेली. त्याचे हात हवेत फिरत राहिले. पोरे आणखी पुढे सरकली. मी तिथून निघालो तरी ढोलाच्या तालावर तो खांदा हलताना मला दिसत राहिला.

ती फकिरा मारबत्यांची मुलगी. फकिरा गावच्या मच्छीमार सोसायटीत. तलावात मासे आणि थंडीत शिंगाडे. त्यांचे अंग जाळ्याच्या दोरीसारखे, सगळे पीळ बाहेरून दिसणारे. आई सखाबाई पवनीच्या बाजारात मासोळी विकायला बसत आणि गिऱ्हाईकाशी भांडता भांडता त्याच्या घरची खुशाली विचारत. ज्योत्सना पुढे माझ्या वर्गात आली. मी मराठी शिकवत असे. निबंधात ती चार ओळींच्या वर जात नसे, पण त्या चार ओळींतला एकही शब्द काढता येत नसे. एकदा 'माझा आवडता पक्षी' या निबंधात तिने लिहिले होते, 'बगळा उभा राहतो. मासा विसरतो. मग बगळा आठवण करून देतो.' मी तो कागद दोन वेळा वाचला आणि तिला पैकीच्या पैकी गुण दिले. हेडमास्तरांना ते पटले नाही.

बारावीनंतर ती नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करायला गेली. तिथेच आमच्या गावचा प्रितम होता, तांदळाचे व्यापारी राजकुमारजींचा मुलगा. टाळेबंदीत दोघे गावी परतले, ते मग गेलेच नाहीत. राजकुमारजींच्या गोदामावर एक खोली होती. खाली पोती, वर ही दोघे आणि त्यांचे कॉम्प्युटर. जिन्यावर नेहमी कोंड्याचा गोडसर वास असे. गावाने आधी लग्नाची तारीख काढली, मग कंटाळून त्यांना सोडून दिले. ते एक खेळ बनवत होते.

मी तोवर निवृत्त झालो होतो. माझे मूळ गाव आंबागड, तिकडे तुमसर तालुक्यात किल्ल्याच्या पायथ्याशी. पण नोकरीत आसगावला मुळे धरली ती धरलीच. एके दिवशी ज्योत्सना लॅपटॉप काखेत घेऊन आली.

"गुरुजी, शुद्धलेखन पाहून द्या."

"कशाचे?"

"खेळाचं. खेळात थोडंसंच लिवलं आहे. पन चुकलं तं दुनिया पाहीन."

माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तेव्हा नुकतेच झाले होते. प्रत्येक रंग धुऊन वाळत घातल्यासारखा दिसत होता. अशा डोळ्यांनी मी तो खेळ पहिल्यांदा पाहिला, हे माझे भाग्यच म्हणायचे.

खेळाचे नाव होते 'तळ'. लुगड्याचा काष्टा घातलेली एक बाई खांद्यावर जाळे घेऊन तलावात उतरते आणि उतरतच जाते. वर हिरवा उजेड. कमळाचे देठ खांबांसारखे वर चढत गेलेले, इतके उंच की त्यांची पाने ढगांसारखी दिसतात. शिंगाड्याच्या वेलींची छते. बुडालेल्या झाडांची खोडे, त्यांच्या ढोलीतून बाहेर पाहणारे काहीतरी. ती चालते तेव्हा पायाखालून गाळ उठतो आणि हळूहळू परत बसतो. कुठूनतरी दंडारीचा ढोल ऐकू येतो, पण पाण्यातून, म्हणजे कानाने नव्हे तर छातीने ऐकल्यासारखा. मी खुर्चीत बसलो होतो, दुपार होती, आणि मला वाटत होते की कोणी हाक मारू नये.

एका वळणावर दगडी दरवाजा आला. मी पुढे वाकलो. "अगं, हा तर आंबागडचा!"

"तुमीच नेलं होतं ना जी सहलीले," ती म्हणाली. "मी तवाच ठरवलं होतं का हा दरवाजा पान्यात पायजे."

माझ्या गावचा दरवाजा पाण्याखाली उभा होता, कमानीतून मासे येत जात होते, आणि तो तिथेच असायला हवा होता असे मला वाटले. बालपणी आम्ही त्याच दरवाजात बसून खाली उतरणारे धुके पाहत असू.

पण तो खेळ म्हणजे नुसती सहल नव्हती. फार कठीण होता. कमानीतून आत जाताच एका शेवाळलेल्या पहारेकऱ्याने त्या बाईला एका फटक्यात संपवले. पडदा काळोखला आणि ती मागच्या एका दिव्यापाशी पुन्हा उभी राहिली.

"मेली की!" मी म्हणालो.

"मरायचंच रायते जी. मेल्याबिगर समजत नाइ."

मग तिने मला त्या खेळाची सोयरीक समजावून सांगितली. मी आयुष्यभर मुलांना शब्दांची कुळे शिकवली. खेळांनाही कुळे असतात हे मला त्या दिवशी कळले. टीव्हीला कॅसेट लावून खेळायचे जुने खेळ हे 'तळ'चे आजोळ. तिथून धावणे, उडी, आणि एका चुकीला पुन्हा पहिल्यापासून, ही शिस्त आली. आईचे घर जपानचे. तिकडच्या लोकांनी असे खेळ काढले की ज्यात माणूस अंधारात शिरतो, मरतो, शेवटच्या दिव्यापाशी जागा होतो, आणि त्याने जमवलेले सगळे तो जिथे पडला तिथेच पडून राहते. ते आणायला पुन्हा त्याच वाटेने जावे लागते. एक मावशीचे घर आहे, त्या खेळांत सगळा मुलूख एकमेकांत गुंतलेला असतो. आज बंद असलेले दार पुढे काही नवे शिकून आल्यावर उघडते.

"आणि बापाचे घर?" मी विचारले.

"ते तं इथलंच, गुरुजी. दंडार. दंडारीत काठी कवा पडन ते ढोल आधी सांगते. माह्या खेळात बी कोनी फसवून मारत नाइ. मारायच्या आधी सांगते. ज्याले आयकू येते तो वाचते."

मी चष्मा पुसला आणि तिचे शुद्धलेखन पाहिले. काही ऱ्हस्वदीर्घ सुधारले. शेवटच्या पानावर दोनच शब्द होते, 'जाळं उचल'. त्यात चूक नव्हती. मी पुढे गेलो.

खेळाचा शेवट एका मरळीपाशी होता.

मरळ हा आमच्या तलावांतला दांडगा मासा. पावसाळ्यात तिची पिल्ले निघतात तेव्हा पाण्यावर तांबूस ढग सरकताना दिसतो. तो ढग म्हणजे शेकडो पिल्ले, आणि त्या ढगाखाली, काळोखात, आई. जवळ येईल त्याच्यावर ती धावून जाते, मग तो बेडूक असो, बगळा असो की माणसाचा पाय. आमच्याकडचे ढिवर अशा मरळीला लेकुरवाळी म्हणतात आणि तिला धरत नाहीत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मलाही होते.

'तळ'मधली मरळ तलावाएवढीच होती. ती दिसत नसे. तिच्यावरचा तो तांबूस ढग दिसे, आणि ढगाचा उजेड सगळ्या पाण्यात पसरलेला असे, संध्याकाळ पाण्यात विरघळल्यासारखा. तिथवर पोहोचायला चांगल्या खेळणाऱ्याचेही कित्येक दिवस जात. आणि तिथे ज्योत्सनाने असे योजले होते की तिच्याशी लढायचेच नाही. जाळे मागे घ्यायचे, खांद्यावर टाकायचे आणि उभे राहायचे. मरळ अंगावर येते, अगदी तोंडाशी येऊन वळते, पुन्हा येते. हललात तर मेलात. उभे राहिलात तर ढग तुमच्या अंगावरून निघून जातो, आणि वरचे पाणी उघडते.

खेळाचा सुरुवातीचा भाग पाहून बंगळुरूच्या एका कंपनीने तो आपल्या नावाने जगभर काढायची तयारी दाखवली. प्रितमने खालच्या हमालांनाही पेढे वाटले. मग महिनाभराने कंपनीचे उत्तर आले. त्यांच्याकडची मुले, जी दिवसभर खेळ पारखण्याचेच काम करतात, त्यांच्यापैकी एकालाही मरळ ओलांडता आली नव्हती. शेवट बिघडलेला आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. तो बदला, मरळ मारता येईल अशी करा. नाहीतर आम्हाला खेळ नको.

त्या दुपारी मी गोदामावर गेलो तेव्हा दोघे दोन कोपऱ्यांत तोंडे करून बसली होती.

"एकालेही जमू नये?" प्रितम म्हणत होता. "एवढा कठीन नाइ आहे तो. उभंच तं रायाचं आहे."

"तेच तं कठीन आहे," ज्योत्सना म्हणाली.

"गुरुजी, तुम्ही खेळून पाहा," प्रितम मला म्हणाला. "मी मरळीपर्यंत आनून देतो."

"मला पहिला पहारेकरीसुद्धा मारतो रे."

"तिथं पहारेकरी नाइच आहे जी. बसा."

त्याने आणून दिले. माझ्या हातात ते दोन मुठींचे यंत्र आले. पडदाभर तांबूस उजेड होता. बाईने टाकलेले जाळे पाण्यात पसरले होते आणि त्याच्या पलीकडे ढग हलत होता. पडद्याच्या खाली ते दोन शब्द उमटले. जाळं उचल.

"हां," मी म्हणालो, आणि उभे राहायचे ते जाळे टाकून झाल्यावर असेल असे समजून फेकायचे बटण दाबले. बाईने पसरलेले जाळे ओढून घेतले, गरकन फिरवले आणि सरळ पिल्लांवर फेकले. पुढच्या क्षणी मरळीने तिला गिळले.

"गुरुजी!" ज्योत्सना जवळजवळ ओरडली. "फेकलं काहून?"

"तूच लिहिलेस ना, उचल म्हणून."

"म्हनूनच तं! उचला म्हनलं. टाका थोडीच म्हनलं?"

"अगं, जाळे उचल म्हणजे हातात घे. टाकायला घे. तलवार उचल म्हणतो तसे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. प्रितमही. खालून पोती टाकल्याचा आवाज येत होता.

"नाइ जी," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या इकडं तसं नाइ. बाबा पान्यात असन, जाळं टाकलेलं असन, अन लेकुरवाळी आली, तं पाळीवरून हाक येते. उचल, उचल! म्हंजे पान्यातून काढ. जाऊ दे तिले."

इतकी वर्षे मी त्या पाळीवर फिरायला जातो. ती हाक मी ऐकलीही असेल. पण ती जाळे टाकण्याची घाई असावी असेच मला वाटले असते. आणि प्रितम? त्याला उत्तर आधीच ठाऊक होते, त्यामुळे प्रश्न चुकला आहे हे त्याच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते. इंग्रजीतही त्यांनी तेच शब्द तसेच्या तसे नेले होते. जगातल्या कोणाही माणसाने ते वाचून जाळे हातात घेतले असते आणि फेकले असते.

"मग शब्द बदलू," मी म्हणालो. एवढे तर माझे कामच होते. "जाळे काढ, असे लिही."

"काढ म्हनलं का मासोळी काढ."

"ओढ?"

"ओढलं तं मासोळी येनारच ना जी."

"सोड. जाळे सोड!"

आता तिला हसू फुटले. "गुरुजी, जाळं सोडनं म्हंजेच तं टाकनं."

आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. आवर, घे, गुंडाळ, थांब. प्रत्येक शब्द ती तोंडात धरून पाही आणि मान हलवी. जाळ्याजवळ गेला की प्रत्येक शब्द मासाच धरू लागे. खिडकीतून तलाव दिसत होता. पाण्यावर सावली लांबत चालली होती आणि पलीकडच्या काठाला एक डोंगा कोणी माणूस नसल्यासारखा आपोआप सरकत होता. मला वाटू लागले की आम्ही तिघेही त्या खेळाच्या तळाशी बसलो आहोत आणि वर जाण्याचा शब्द शोधतो आहोत.

मग ज्योत्सना म्हणाली, "शब्दच नाइ ठेवत. बाबाले ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फकिराला पाळीवर उभे केले. धुके होते, पाणी आणि आभाळ यांच्यात रेघ नव्हती. प्रितमने मोबाइल धरला. सखाबाई टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

"बाबा, लेकुरवाळी आली असं समजा, अन करा."

फकिराने छाती पुढे काढली, दंडारीतल्या राजासारखा पाय आपटला आणि जाळे उचलले.

"असं करता का तुमी कदी?" ज्योत्सना म्हणाली.

"फोटू निंगून राहिला ना व! जरा बरा दिसाले नोको?"

"लगनात बी एवढा छाती काढून उभा नोयता रायला," सखाबाई म्हणाल्या. "तवा तं माह्या भावाच्या मांगं लपून होता."

"तवा मले मालूम होतं ना, कोनतं जाळं पडून राहिलं ते!"

सगळे हसले. हसता हसता फकिरा मारबत्यांचे लक्ष पाण्याकडे गेले असावे. कारण नंतर त्यांनी जे केले ते त्यांनी आमच्यासाठी केले असे मला वाटले नाही. पाण्यात परत घसरलेल्या जाळ्याची दोरी वाकून हातात घेतली, जाळे हळूहळू ओढून आणले, निथळू दिले, खांद्यावर टाकले. आणि मग तोंड एका बाजूला फिरवून उभे राहिले.

"तोंड का फिरवले?" मी कुजबुजत विचारले.

"पिलावर नजर लागते जी," ज्योत्सना म्हणाली. तिचे डोळे मोबाइलवर होते. "हे मी खेळात टाकलंच नोयतं."

आता तेही टाकले. मरळीच्या पाण्यात, एका काठाला, अस्पष्टसा एक म्हातारा उभा राहिला. तुम्ही पोहोचलात की तो आपले जाळे मागे घेतो, खांद्यावर टाकतो आणि तोंड फिरवतो. बस. खाली अक्षर नाही. कंपनीकडे हा नवा शेवट गेला. या वेळी त्यांच्या मुलांपैकी काहींना तो जमला.

तरीही कंपनीचे उत्तर तेच आले. कंपनीच्या बाईंशी बोलणे झाले तेव्हा मी खोलीत होतो. पडद्यावर दिसणारा त्यांचा चेहरा समंजस होता, आणि त्या अगदी आदराने बोलत होत्या. शेवट फार सुंदर आहे, त्या हिंदीत म्हणाल्या. पण माणूस इतके दिवस मरत मरत लढायला शिकतो ते शेवटच्या लढाईसाठी. ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. उभे राहण्याची वाट ठेवा, आणि मारण्याचीही ठेवा. ज्याला जे हवे ते तो करील. एवढे केले तर खेळ आमचा.

ज्योत्सनाने विचार करायला वेळ मागितला.

प्रितमचे म्हणणे सरळ होते. "दोन रस्ते ठेवले तं का बिघडते? तुहा रस्ता बी आहेच ना. नाइ तं कोनी पाहनार बी नाइ आपला खेळ. इतके साल गेले, ज्योत्सना."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो तेव्हा अंगणात सखाबाई वाळत घातलेली मासोळी गोळा करत होत्या आणि फकिरा फाटलेले जाळे विणत बसले होते. ज्योत्सनाने त्यांनाच विचारले.

"बाबा, खेळातली मरळ मारू देऊ का लोकाहिले?"

मला वाटले होते ते नाही म्हणतील. फकिराने गाठ मारली, दाताने सुतळी तोडली. "मारू दे ना मंग. खरी थोडीच आहे? खोटी मरळ मारून का पाप लागते?"

"तुहीच मरळ आहे, तूच पाह," सखाबाई म्हणाल्या.

ज्योत्सना बराच वेळ जाळ्याचे टोक हातात धरून बसली. वडिलांना विणायला सोपे जावे म्हणून ती लहानपणापासून तसे धरत असे.

"खोटी आहे म्हनूनच," ती शेवटी म्हणाली. "खऱ्या मरळीले तुमी हायेत. हिले मीच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, मी लोकाहिले हजारदा मारलं. मारायच्या आधी पाह, आयक, थांब, हे शिकवासाठी. शेवटी थांबनं यावं म्हनून. तिथंच मारू देली तं अगुदरचं सारं कायले शिकवलं?"

फकिरा म्हणाले, "मंग नोको देऊ." आणि पुढची गाठ घातली.

तिने कंपनीला नाही कळवले. प्रितम चिडला; पंधरवडाभर दोघे बोलले नाहीत. मग एक दिवस त्यानेच येऊन खेळाचे उरलेले काम पुरे केले, आणि दोघांच्या नावाने त्यांनी 'तळ' स्वतःच इंटरनेटवर विकायला ठेवला. नंतर प्रितमला पुण्यात चांगली नोकरी लागली. निघण्याच्या दिवशी तो मला नमस्कार करायला आला. मी विचारले, "राग गेला का?" तो म्हणाला, "राग कसला जी. बरोबर तिचंच होतं. पन बरोबर असून माह्यं घर थोडीच चालते." यात कडवटपणा नव्हता, तो व्यापाऱ्याचा मुलगा, हिशेब झाला की मोकळा.

खेळ घेणारे थोडे निघाले. अजूनही थोडेच आहेत. काही लोक शिव्या देतात, लढाईच नाही म्हणून. काही लिहितात. ज्योत्सना मला ते मराठीत करून सांगते. समुद्राजवळच्या एका थंड गावातल्या बाईने लिहिले होते की तिला मरळीपाशी उभे राहायला एक आठवडा लागला; अंगठा आपोआप बटणाकडे जाई, आणि शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्यावर ढग तिच्या अंगावरून गेला. एकाने विचारले होते, काठावरचा तो म्हातारा तोंड का फिरवतो? ज्योत्सनाने त्याला कळवले, पिल्लांना नजर लागू नये म्हणून. त्यावर त्याने पुन्हा विचारले, मग मीही माझे तोंड फिरवायला हवे होते का? हे तिने फकिराला सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, "त्याले म्हना, तुही नजर चांगली असन बापा, तू पाह."

हल्ली दुपारी डोळा लागला की मला ते पाणी दिसते. मी काष्टा घातलेल्या त्या बाईच्या मागे मागे चालत असतो, खोडांमधून, दरवाजातून, आणि मला माहीत असते की पुढे उजेड आहे आणि त्याच्याखाली कोणीतरी जागे आहे. माझ्या हातात काहीच नसते. मी आपला उभा राहतो. तांबूस ढग माझ्या चष्म्यावरून, कानांवरून सरकत जातो, बारीक गुदगुल्या करत, आणि त्या काळोखातल्या आईचे अंग माझ्या अगदी जवळून वळते. जाग आल्यावर थोडा वेळ घरातली हवासुद्धा पाण्यासारखी वाटते.

ज्योत्सनाला मी हे सांगितले. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी तं खेळता न येताच पुरा केला."

प्रितम गेल्यावर गोदामावरची खोली पुन्हा पोत्यांनी भरली. ज्योत्सनाने कॉम्प्युटर घरी नेला, जिथे जाळी टांगलेली असतात त्या पडवीत. ती सध्या आसगावलाच राहते, आणि हैदराबादच्या एका कंपनीसाठी दुसऱ्यांनी बनवलेल्या खेळांतल्या चुका शोधून कळवण्याचे काम घरून करते. या महिन्यात तिच्याकडे मोटारींच्या शर्यतीचा खेळ आला आहे.